ट्रेन लेट आहे, हे ॲपला सांगतं कोण? आपणच!

सकाळचे पावणेनऊ. घाटकोपर स्टेशनवर सीएसएमटीकडे जाणाऱ्या प्लॅटफॉर्मवर गर्दी वाढत चाललीये. इंडिकेटरवरची गाडी पाच मिनिटांपूर्वीच यायला हवी होती. अनाउन्समेंट होतेय, पण त्या गोंगाटात एक शब्द धड कळत नाही. अशा वेळी आजूबाजूच्या लोकांकडे बघा. बऱ्याच फोनवर एम-इंडिकेटर उघडलेलं दिसेल. ही मंडळी टाइमटेबल बघत नसतात, कारण रोजची गाडी सगळ्यांना पाठ असते. ते बघत असतात ट्रेन चॅट. तिथे कुणीतरी टाकलेलं असतं की मुलुंडला स्लो गाडी दहा मिनिटांपासून उभी आहे.

हे लिहिलं कुणी? रेल्वेने नाही, न्यूज चॅनलने नाही, ॲप बनवणाऱ्यानेही नाही. त्या अडकलेल्या गाडीत उभ्या असलेल्या एका प्रवाशाने. तो काल घाटकोपरला उभा राहून दुसऱ्याचा मेसेज वाचत होता, आज तो लिहितोय.

मीडियाबद्दल बोलताना एक वाक्य नेहमी ऐकू येतं, की ऑनलाइन जगात प्रेक्षक आता नुसता प्रेक्षक राहिला नाही, तो सहभागी झालाय. ऐकायला बरं वाटतं. पण सहभागी म्हणजे नक्की काय? लाइक केलं की झालो सहभागी? रील शेअर केली की? या लेखात हेच मुंबईच्या उपनगरांतली रोजची उदाहरणं घेऊन समजून घेऊ. माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगतो: तुम्ही टाकलेल्या माहितीवर दुसरं कुणी निर्णय घेऊ शकतं, तेव्हा तुम्ही सहभागी होता. आणि तसं होणार की नाही, हे तुमच्या उत्साहाइतकंच ॲप कसं बनवलंय यावरही ठरतं.

आधी गोष्ट २६ जुलैची

आजच्या कॉलेजच्या मुलांनी २६ जुलै २००५ फक्त घरच्यांकडून ऐकलाय. त्या दिवशी सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्याच काळात कुलाब्याला नोंद झाली जेमतेम ७३ मिलिमीटरची. शहर एकच, दिवस एकच, आणि फरक बारापटीहून जास्त!

म्हणजे दक्षिण मुंबईत ऑफिसमध्ये बसलेल्या माणसाला खिडकीतून साधा पाऊस दिसत होता, आणि त्याचं अंधेरीतलं किंवा कुर्ल्यातलं घर पाण्यात होतं. 'मुंबईत मुसळधार पाऊस' ही बातमी त्याच्या काय कामाची? त्याला हवं होतं ते फार नेमकं: मिलन सबवेमधून जाता येईल का? हायवेवर पाणी किती आहे? एवढी बारीक माहिती कुठलंच केंद्र, कुठलंच चॅनल देऊ शकत नव्हतं. त्यात फोन लागत नव्हते.

मग लोकांनी काय केलं? रुळांवरून आणि हायवेवरून रात्रभर चालताना समोरून येणाऱ्याला विचारलं, "पुढे पाणी किती आहे?" समोरच्याने हात कमरेला लावून दाखवलं. बस, झालं काम. ज्याने स्वतः बघितलंय त्याने, ज्याला आता तिथून जायचंय त्याला, मोजता येईल असं सांगितलं.

तेव्हा सहभाग इंटरनेटने शोधून काढलाय असं समजू नका. इंटरनेटने एवढंच केलं, की समोरून येणारा माणूस आता चार स्टेशनं लांब असला तरी चालतं.

ट्रेन चॅट का चालतं?

एम-इंडिकेटर हे सचिन टेके या मराठी इंजिनिअरने बनवलेलं ॲप. २०१० च्या आसपास, साध्या जावा फोनवर लोकलचं टाइमटेबल दाखवणारं ॲप म्हणून त्याची सुरुवात झाली. पुढे बस, मेट्रो, रिक्षा-टॅक्सीचं भाडं, मेगाब्लॉक हे सगळं त्यात आलं. हा झाला एकतर्फी भाग: ॲप सांगणार, आपण वाचणार. ट्रेन चॅट आल्यावर उलटा रस्ता उघडला.

खरं तर कोणालाही काहीही लिहू देणारी जागा म्हटली की ती लवकरच भांडणं आणि टाइमपासने भरते. ट्रेन चॅटमध्येही ते होतंच. तरी गाडी बिघडली की लोक पहिल्यांदा तिकडेच जातात. यामागे इंजिनिअरिंगच्या दृष्टीने बघण्यासारखी चार कारणं आहेत.

पहिलं, विषय बांधलेला आहे. लाइन ठरलेली, स्टेशनं ठरलेली. 'गाडी कांजूरला उभी आहे' एवढ्या चार शब्दांत पूर्ण माहिती येते, कारण वाचणाऱ्याच्या डोक्यात नकाशा आधीच आहे.

दुसरं, माहिती पुढच्याच्या कामाची आहे. मुलुंडला जे घडलं त्याचा परिणाम घाटकोपरला दहा-पंधरा मिनिटांनी दिसतो. तेवढ्या वेळात घाटकोपरचा माणूस ठरवू शकतो, की थांबायचं, मेट्रो पकडून अंधेरीला जाऊन पश्चिम रेल्वे धरायची, की सरळ घरी फोन करून आज वर्क फ्रॉम होम म्हणायचं. बोरिवलीच्या माणसाचंही तेच. पश्चिम रेल्वे ठप्प असेल तर अंधेरीपर्यंत मेट्रो २ए किंवा ७ आहे. पण हे त्याला स्टेशनात शिरायच्या आधी कळलं तर उपयोग.

तिसरं, थाप लगेच पकडली जाते. कुणी उगाच 'गाड्या बंद' लिहिलं, तर भांडुपला चालत्या गाडीत बसलेले चार जण लगेच लिहितात की आमची चालू आहे. सांगणारे आणि तपासणारे दोघेही जागेवर हजर असतात.

चौथं, घेणारे आणि देणारे तेच लोक आहेत. आज मला तुमच्या मेसेजने वाचवलं, उद्या मी लिहीन. कुणी आभार मानत नाही, पण हिशोब चालू राहतो.

ही चार कारणं लक्षात ठेवा. पुढची उदाहरणं बघताना, कुठे काय कमी पडलं ते यांच्यावरूनच कळेल.

फोन खिशात असला तरी तुम्ही सांगताच आहात

सहभागाचा एक प्रकार असाही आहे, ज्यात तुम्हाला बोटही हलवावं लागत नाही. गुगल मॅप्सवर जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड लाल दिसतो, तो कुणी बसून रंगवत नाही. त्या रस्त्यावरच्या गाड्यांमधले फोन आपली जागा आणि वेग कळवत असतात. बरेच फोन हळू सरकताहेत म्हणजे ट्रॅफिक, एवढं साधं गणित. त्यातला एक फोन तुमचाही असतो.

'व्हेअर इज माय ट्रेन' हे ॲप बेंगळुरूच्या सिग्मॉइड लॅब्स कंपनीने बनवलं आणि २०१८ मध्ये ती कंपनी गुगलने घेतली. त्यात इंटरनेट किंवा जीपीएस नसलं तरी मोबाइल टॉवरवरून गाडी कुठे आहे याचा अंदाज काढता येतो. मध्य रेल्वेच्या 'यात्री' ॲपवर २०२२ पासून लोकलचं लाइव्ह लोकेशन मिळायला लागलं.

मग प्रश्न येतो, मशीनलाच सगळं कळत असेल तर माणसाने सांगायची गरज काय? गरज आहे. मशीन सांगतं की गाडी विक्रोळीला थांबली आहे. पण का थांबली? सिग्नल गेलाय की रुळावर पाणी? प्लॅटफॉर्मवर उतरायला जागा आहे का? लेडीज डब्यात काही गडबड आहे का? हे बघायला डोळे लागतात.

शिवाय मशीनला फसवताही येतं. फेब्रुवारी २०२० मध्ये सायमन वेकर्ट या जर्मन कलाकाराने एका हातगाडीत ९९ फोन भरले आणि बर्लिनच्या रिकाम्या रस्त्यांवरून ती गाडी हळूहळू ओढत नेली. गुगल मॅप्सवर ते रस्ते लाल झाले! फोन ९९, माणूस एक, ट्रॅफिक शून्य. मॅपने आकडे बरोबर मोजले, पण त्यांचा अर्थ चुकला. ट्रेन चॅटमध्ये भांडुपचे चार जण जे करतात, ते करणारं इथे कुणी नव्हतं.

आणखी एक गोष्ट. असा आपोआप होणारा सहभाग म्हणजे तुमचा डेटा आहे. कुठलं ॲप लोकेशन कधी घेतं, 'वापरताना' की 'नेहमी', हे सेटिंगमध्ये जाऊन एकदा बघून घ्या. सहभागी व्हायचं की नाही हे तुम्ही ठरवायचं, ॲपने नाही.

सांगितलं, पण ऐकलं कुणी?

आता जरा कठीण भागाकडे येऊ. लोकांनी सांगूनही काही झालं नाही, तर त्याला सहभाग म्हणायचं का?

२९ सप्टेंबर २०१७ ची सकाळ. एल्फिन्स्टन रोड आणि परळ स्टेशनांना जोडणाऱ्या अरुंद पुलावर चेंगराचेंगरी झाली. २३ माणसं गेली. त्यात रोज उपनगरांतून लोकलने कामाला जाणारे लोक होते. घटनेनंतर जुनी ट्विट वर यायला लागली. हा पूल फार अरुंद आहे, इथे एक दिवस चेंगराचेंगरी होईल, असं प्रवाशांनी काही वर्षं आधीच लिहिलं होतं, रेल्वेला टॅग करून, काहींनी तर फोटोसकट.

विचार करा. तो काळ असा होता की रेल्वे मंत्रालय ट्विटरवर फार तत्पर म्हणून ओळखलं जायचं. चालत्या गाडीत बाळाला दूध हवंय, औषध हवंय, असं कुणी ट्विट केलं की पुढच्या स्टेशनवर मदत हजर, अशा बातम्या सतत यायच्या. मग पुलाबद्दलची ट्विट का वाया गेली?

माझ्या मते कारण असं आहे. दुधाची बाटली एक माणूस, एका स्टेशनवर, एका तासात देऊ शकतो. पूल रुंद करायला बजेट, मंजुरी, टेंडर लागतं. ट्विटरवरच्या तक्रारीला पावती नसते. ती कुठल्या खात्याच्या यादीत चढली, कुणाच्या नावावर आहे, किती दिवस पडून आहे, हे कुणालाच दिसत नाही. पुढच्या पाच मिनिटांत फीडमध्ये ती खाली जाते. दुर्घटनेनंतर तिथे लष्कराने पूल बांधला आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये तो सुरूही झाला. म्हणजे पाच महिन्यांत होऊ शकणारं काम होतं. लोकांनी बघितलं होतं, सांगितलंही होतं. सांगणं आणि काम यांच्यामध्ये जोडणी नव्हती.

याच्या उलटं उदाहरण म्हणजे महापालिकेची २०१९ मधली खड्ड्यांची मोहीम. १ ते ७ नोव्हेंबर या आठवड्यात पालिकेने नागरिकांना सांगितलं, ॲपवर खड्ड्याचा फोटो टाका, २४ तासांत बुजवला नाही तर तुम्हाला ५०० रुपये. अट होती: खड्डा किमान एक फूट लांब आणि तीन इंच खोल हवा. यावर जोक भरपूर झाले. मुंबईकर आता नोकरी सोडून खड्डे शोधणार वगैरे. पण डिझाइन म्हणून बघितलं तर यात तीन गोष्टी नीट होत्या: तक्रार कशाला म्हणायचं हे मोजमापाने ठरलेलं, उत्तराची मुदत ठरलेली, आणि मुदत चुकली तर पैसे द्यावे लागणार. प्रेक्षकाला सहभागी करायचं तर नुसतं 'तुमचा फीडबॅक महत्त्वाचा आहे' म्हणून भागत नाही. समोरच्यालाही बांधून घ्यावं लागतं. फक्त ही मोहीम एका आठवड्याची होती, आणि खड्डे बारमाही असतात, एवढीच अडचण!

तिसरं उदाहरण आपल्या अंधेरीचं. गोखले पुलाचा एक भाग ३ जुलै २०१८ रोजी रुळांवर कोसळला. पुढे नोव्हेंबर २०२२ मध्ये अख्खा पूल बंद झाला आणि अंधेरी पूर्व-पश्चिम करणाऱ्यांचे किती हाल झाले ते तिथल्या लोकांना विचारा. २६ फेब्रुवारी २०२४ ला नव्या पुलाची एक बाजू उघडली आणि त्याच दिवशी सगळ्यांना दिसलं, की नवा पूल आणि शेजारचा बर्फीवाला उड्डाणपूल यांची उंची जुळतच नाही. दोन पूल एकमेकांकडे बघत उभे, मधे पायरी.

मग काय, फोटो आणि मीम्सचा पाऊस पडला. यात नवीन माहिती काहीच नव्हती, सगळे तेच चित्र फिरवत होते. तरी त्याचा उपयोग झाला, कारण ते चित्र समजायला कुणी इंजिनिअर असावं लागत नव्हतं. कुठलंही स्पष्टीकरण त्या एका फोटोपुढे टिकत नव्हतं. पालिकेने आयआयटी आणि व्हीजेटीआयचा सल्ला घेतला, बर्फीवाला पूल जॅक लावून उचलला गेला आणि जुलै २०२४ मध्ये दोन्ही पूल जोडून एक बाजू वाहतुकीला खुली झाली. संपूर्ण गोखले पूल सुरू व्हायला मे २०२५ उजाडला. मीममुळेच हे झालं असं मी म्हणणार नाही. पण प्रश्न दाबून टाकणं अवघड झालं, हे नक्की.

अर्थात मीम प्रत्येक वेळी कामाला येत नाही. एल्फिन्स्टनच्या पुलाची गर्दी फोटोत रोजच्या गर्दीसारखीच दिसायची. सगळ्यात धोकादायक गोष्टी बऱ्याचदा फोटोत साध्या दिसतात. त्यांच्यासाठी पावतीवाली तक्रारच लागते.

फॉरवर्ड करणाराही सहभागीच असतो

आतापर्यंत सहभाग म्हणजे चांगलीच गोष्ट, असं वाटलं असेल. पण १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा गावात काय झालं ते विसरता येत नाही. मुलं पळवणारी टोळी आलीये, असे मेसेज त्या भागात व्हॉट्सॲपवर फिरत होते. भिक्षा मागायला आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना जमावाने त्या संशयावरून ठार मारलं. पाच निरपराध माणसं.

ज्यांनी तो मेसेज पुढे पाठवला त्यातल्या बहुतेकांना वाटत असणार की आपण लोकांना सावध करतोय. म्हणजे त्यांच्या मते तेही मदतच करत होते. मग ट्रेन चॅटमधला मेसेज आणि हा मेसेज यात फरक कुठे पडला? वरची चार कारणं लावून बघा. जागा ठरलेली नाही, तोच मेसेज दहा जिल्ह्यांत चालतो. वेळ नाही, 'आज' लिहिलेलं असतं पण ते कुणाचं आज? स्वतः बघितलेला माणूस साखळीत कुठेच नाही. आणि भांडुपचे चार जण इथे नाहीत, कारण व्हॉट्सॲप ग्रुप बंद असतो. ज्याला खरं माहीत आहे तो त्या ग्रुपमध्ये असेलच असं नाही.

त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच चॅटना पाठवता येईल अशी मर्यादा घातली, आणि 'फॉरवर्डेड' अशी खूण दिसायला लागली. एप्रिल २०२० मध्ये, खूप वेळा फिरलेला मेसेज एका वेळी एकाच चॅटला पाठवता येईल असा बदल झाला. त्यानंतर असे मेसेज ७० टक्क्यांनी घटल्याचं कंपनीने सांगितलं. बघा, माणसं तीच, त्यांची समज तीच. फक्त बटण जरा अवघड केलं. मोफत आणि सोपं असलं की आपण विचार न करता पाठवतो. दोन टॅप जास्त लागले की थांबतो.

जो बोलत नाही, तो नकाशावर नाही

जेकब नील्सन या वेब डिझाइनच्या अभ्यासकाने २००६ मध्ये एक ठोकताळा मांडला होता, ९०-९-१ चा. ऑनलाइन समूहात साधारण ९० टक्के लोक फक्त वाचतात, ९ टक्के कधीतरी लिहितात आणि बहुतेक सगळं लिखाण १ टक्का लोक करतात. आकडा सगळीकडे तंतोतंत बसतो असं नाही, पण तुमच्या सोसायटीचा ग्रुप उघडून बघा, पटेल.

नुसतं वाचणं वाईट नाही. गाडी अडकली हे एकाने लिहिलं आणि हजारांनी वाचलं, तर काम झालंच. अडचण तेव्हा येते, जेव्हा लिहिणारे सगळे एकाच प्रकारचे असतात. अमेरिकेत बोस्टन शहरात 'स्ट्रीट बम्प' नावाचं ॲप आलं होतं. गाडी चालवताना धक्का बसला की फोनच खड्डा नोंदवायचा. छान कल्पना. पण स्मार्टफोन आणि गाडी ज्यांच्याकडे जास्त, त्यांच्या भागातले खड्डे जास्त नोंदले जाणार, आणि गरीब व म्हाताऱ्या लोकांच्या वस्त्यांमधले खड्डे डेटात दिसणारच नाहीत, हा धोका लगेच लक्षात आला.

आपल्याकडे हे जसंच्या तसं लागू होतं. पवईच्या टॉवरमधून तक्रार पटकन येते. घाटकोपरच्या डोंगरावरच्या वस्तीतून, जिथे पावसाळ्यात दरड कोसळण्याची भीती असते, तिथून ती येतेच असं नाही. फोन तिथेही आहे. पण फॉर्म इंग्रजीत, पत्त्यात बिल्डिंगचं नाव सक्तीचं आणि पिनवर बोट ठेवायला गेलं की मॅपवर गल्लीच नाही. ॲप बनवणाऱ्यांनी हे आधी बघायला हवं. मराठी-हिंदीत फॉर्म, आवाजात नोंद करायची सोय आणि 'जवळची ओळखीची जागा' लिहायला मोकळी चौकट, एवढं दिलं तरी नकाशावर नवीन माणसं दिसायला लागतील.

चांगला प्रश्न विचारला, की चांगलं उत्तर येतं

जकार्ता हे मुंबईसारखंच पाण्यात जाणारं शहर. तिथे २०१४ मध्ये 'पेटा जकार्ता' नावाचा प्रकल्प सुरू झाला. पुराला त्यांच्या भाषेत 'बंजिर' म्हणतात. कुणी ट्विटमध्ये बंजिर लिहिलं की त्याला आपोआप उत्तर जायचं: तुमच्याकडे पूर आलाय का? लोकेशनसकट कळवा. आलेली माहिती सगळ्यांना दिसेल अशा नकाशावर यायची, आणि शहराचं आपत्ती व्यवस्थापन खातं या प्रकल्पात सोबत होतं. पुढे याचंच 'पेटा बेंचाना' झालं. गंमत बघा: लोक आधीच ओरडत होते. प्रकल्पाने फक्त त्या ओरडण्याला जागा आणि पत्ता दिला.

आपल्याकडे पवईच्या आयआयटीने 'मुंबई फ्लड' नावाचं पोर्टल आणि ॲप आणलंय. त्यात पावसाचा भागवार अंदाज आहे, काही ठिकाणच्या पाण्याच्या पातळीची माहिती आहे, आणि आपल्या भागात पाणी साचलंय हे नागरिकांनी कळवण्याचीही सोय आहे. सांताक्रूझ आणि कुलाबा यांच्यातला तो बारापट फरक आठवतोय ना? सेन्सर प्रत्येक नाक्यावर बसवता येत नाहीत. माणूस मात्र प्रत्येक नाक्यावर असतो.

मग आपण काय करायचं?

पुढच्या वेळी काही टाकण्याआधी हे पाच मुद्दे बघा. एक मिनिटही लागत नाही.

१. कुठे: 'अंधेरीत पाणी' याचा उपयोग नाही. 'अंधेरी सबवे, पश्चिमेकडचं तोंड' याचा आहे.

२. कधी: वेळ लिहा. स्क्रीनशॉट फिरत राहतो, तुमचा मेसेज मात्र अर्ध्या तासात शिळा होतो.

३. किती: घोटा, गुडघा, कंबर. 'खूप' हे माप नाही.

४. कुणी बघितलं: स्वतः बघितलं असेल तरच 'आहे' लिहा. ऐकलं असेल तर 'ऐकलंय' लिहा. शंका असेल तर पाठवूच नका.

५. नंतर काय झालं: गाडी सुटली, पाणी ओसरलं, तर तेही टाका. ही गोष्ट सगळ्यात कमी लोक करतात, आणि मागून येणाऱ्याला सगळ्यात जास्त तिचीच गरज असते.

फोटो काढताना लोकांचे चेहरे, विशेषतः जखमींचे आणि लेडीज डब्यातल्यांचे, टाकू नका. जागा दिसली की पुरे.

आणि धोका कायमचा असेल, म्हणजे खचलेला जिना, उघडं मॅनहोल, अरुंद पूल, तर सोशल मीडियावर टाकून थांबू नका. रेल्वेचं असेल तर १३९ किंवा रेल मदद, पालिकेचं असेल तर १९१६. तक्रार क्रमांक घ्या आणि मग तो क्रमांक पोस्टमध्ये टाका. आपला वॉर्डही माहीत असू द्या: अंधेरी पश्चिम के पश्चिम, बोरिवली आर मध्य, घाटकोपर एन, मुलुंड टी. क्रमांक असलेली पोस्ट दहा जणांनी शेअर केली, तर ती नुसती ओरड राहत नाही, पाठपुरावा होतो.

एल्फिन्स्टनच्या पुलाबद्दल लिहिणाऱ्यांनी आपलं काम केलं होतं. त्यांच्या हातात पावती नव्हती, आणि रोज तो पूल चढणाऱ्या आपल्यापैकी बाकीच्यांनी त्यांची ट्विट वाचून पुढे स्क्रोल केलं. यापुढे असा मेसेज दिसला आणि ती जागा तुमच्या रोजच्या वाटेवर असेल, तर खाली एवढंच लिहा: मीही बघितलंय, आज, अमुक वाजता. आणि तुमचाही एक तक्रार क्रमांक त्याला जोडा.